कथालेखक अंतोन चेकॉव्ह : गोष्ट लिहिणे ते कसे शिकले

गोष्ट सांगणे आपल्या बायकांना नवे नाही. मुलाला भरवताना चिऊ-काऊची गोष्ट, श्रावणात कहाणी, दुपारी तांदूळ निवडताना शेजारणीला सांगितलेली माहेरची हकीकत, अशी काही ना काही गोष्ट आपल्या तोंडी असतेच. पण तीच कागदावर लिहा म्हटले की हात आखडतो. मंडळासाठी मजकूर मागितला की बहुधा तीन उत्तरे मिळतात. घरात निवांतपणा नाही, शिक्षण बेताचे, आणि लिहिण्याची देणगी जन्मतःच असावी लागते. ही उत्तरे ऐकली की मला रशियातील सुप्रसिद्ध कथालेखक अंतोन चेकॉव्ह ह्यांचे चरित्र आठवते. त्यांच्या गोष्टी मराठीत आलेल्या आहेत आणि आपल्यापैकी काहीजणींनी त्या वाचल्याही असतील. जगभर ज्यांना लघुकथेचे गुरू मानतात, ते गृहस्थ गोष्ट लिहायला कसे शिकले, हे भगिनींपुढे ठेवावे एवढाच ह्या लेखाचा हेतू.

अंतोनचा जन्म २९ जानेवारी १८६० रोजी दक्षिण रशियात, अझोव समुद्राच्या काठच्या तागानरोग ह्या बंदराच्या गावी झाला. त्याचे आजोबा एका जमीनदाराचे बांधलेले कूळ होते. त्या काळी तिकडे जमिनीबरोबर तिच्यावर राबणारी माणसेही मालकाची मालमत्ता समजली जात. आजोबांनी पै पै साठवून १८४१ मध्ये स्वतःची व मुलांची सुटका पैसे भरून करून घेतली. वडील पावेल ह्यांचे किराण्याचे दुकान होते. ते देवभक्त होते, पण फार तापट. मुलांना मार बसे. पहाटे उठून चर्चमध्ये भजने गायला जावे लागे आणि थंडीच्या दिवसांत दुकानात बसून गल्ला सांभाळावा लागे. अभ्यासाची वही दुकानात आणि कान गिऱ्हाइकांच्या बोलण्याकडे, असे ते बालपण गेले. आई येवगेनिया मायाळू होती. तिने लहानपणी गाडीतून लांबचा प्रवास केला होता. त्या वेळच्या हकीकती ती मुलांना सांगत असे. पुढे अंतोन म्हणत असे की, गुण आम्हांला वडिलांकडून मिळाले, पण अंतःकरण आईकडून मिळाले.

१८७६ साली वडिलांचे दिवाळे निघाले. सावकारांच्या भीतीने ते मॉस्कोला निघून गेले व पाठोपाठ आई धाकट्या मुलांना घेऊन गेली. राहते घर दुसऱ्याच्या ताब्यात गेले. सोळा वर्षांचा अंतोन शाळेसाठी मागे राहिला आणि त्याच घरात नव्या मालकाच्या पुतण्याला शिकवून दिवस काढू लागला. शिकवण्या करून, घरातले उरलेसुरले सामान विकून तो मॉस्कोला पैसे पाठवी आणि बरोबर थट्टामस्करीने भरलेली पत्रे लिही. आईला त्या थट्टेचा रागही येई, कारण इकडे भाकरीपुरतेही पैसे नसत. पण अडचणीच्या वेळी आपले रडगाणे न गाता लिहायचे, हे वळण त्याला ह्याच तीन वर्षांत लागले.

१८७९ साली तो मॉस्कोला आला व वैद्यकीच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी विद्यापीठात दाखल झाला. घरची मंडळी तळघरातल्या जागेत कशीबशी राहत होती. दोघे थोरले भाऊ हुशार, पण व्यसनी. हळूहळू सगळ्या संसाराचा भार ह्या तिसऱ्या मुलावर आला. चार पैसे मिळावेत म्हणून त्याने विनोदी साप्ताहिकांकडे लिखाण पाठवायला सुरुवात केली. साहित्याची सेवा वगैरे काही त्याच्या मनात नव्हते. मार्च १८८० मध्ये त्याची पहिली गोष्ट एका साप्ताहिकात छापून आली. मोबदला ओळीला पाच कोपेक, आणि शंभर कोपेकांचा एक रुबल होतो. त्यानंतर पाठवलेल्या कितीतरी गोष्टी नापसंत ठरल्या. हे साप्ताहिक नापसंतीचे उत्तर अंकातच छापत असे, आणि तेही टोचून. तरी त्याने पाठवणे सोडले नाही. एक ठिकाण बंद झाले तर दुसरे पाहिले. खरे नाव त्याने वैद्यकीसाठी राखून ठेवले होते, गोष्टींखाली अंतोशा चेखोन्ते असे गमतीचे नाव घातले जाई.

१८८२ साली पीटर्सबर्गच्या ‘ओस्कोल्की’ नावाच्या साप्ताहिकाचे संपादक लेयकिन ह्यांनी त्याला नेमाने लिहायला सांगितले. त्यांची अट होती की गोष्ट शंभर ओळींच्या आसपास संपलीच पाहिजे. अंतोन ह्या अटीवर कुरकुर करी, पण हीच त्याची खरी शाळा ठरली. शंभर ओळींत गोष्ट बसवायची तर घराण्याचा इतिहास, सृष्टिसौंदर्य, शेवटचा उपदेश ह्यांना जागाच राहत नाही. माणूस दाराशी आला की तो श्रीमंत की कर्जबाजारी, हे त्याच्या टोपी काढण्यावरूनच कळले पाहिजे. कणीक थोडी आणि पाने जास्त असली म्हणजे आपण पोळी पातळ लाटतो, पण फाटू देत नाही. ते कसब त्याला आठवड्याला एक ह्याप्रमाणे गोष्टी लिहून साधले.

आणि हे लिखाण कोठे चालले होते? १८८३ साली त्याने लेयकिनना लिहिलेल्या एका पत्रात घरचे वर्णन आहे. समोर कॉलेजचा अभ्यास पडलेला, शेजारच्या खोलीत पाहुण्यांचे मूल रडते आहे, दुसऱ्या खोलीत वडील आईला पुस्तक मोठ्याने वाचून दाखवीत आहेत, आणि कोणीतरी वाजणाऱ्या पेटीला किल्ली देऊन ठेवली आहे. अशा गडबडीत तो लिहीत होता. हे खरे की स्वयंपाकपाणी पाहायला त्याची आई व बहीण मारिया होत्या, आणि आपल्याला ते आपणच पाहावे लागते. तरी निवांतपणा मिळाला तरच गोष्ट होते, हे म्हणणे ह्या पत्रापुढे टिकत नाही.

१८८४ साली अंतोन डॉक्टर झाला. त्याच वर्षाच्या शेवटी त्याच्या थुंकीतून प्रथम रक्त पडले. स्वतः वैद्य असून त्याने ते मनावर घेतले नाही. घरच्यांना काळजी नको म्हणून दुखणे लपवले. दिवसा रोगी तपासायचे आणि रात्री गोष्टी लिहायच्या, असा क्रम सुरू झाला. विषयाची वाण त्याला कधी पडली नाही. कोरोलेंको नावाचे दुसरे लेखक भेटीला आले असता डॉक्टर चेकॉव्ह ह्यांनी टेबलावरची राखदाणी उचलली आणि म्हणाले की, हवी असेल तर उद्या हिच्यावर गोष्ट तयार होईल.

पण ह्या झटपट हातातच एक धोका होता. मार्च १८८६ मध्ये दिमित्री ग्रिगोरोविच ह्या वृद्ध व मान्यवर लेखकाचे त्यांना पत्र आले. दोघांची फारशी ओळख नव्हती. ग्रिगोरोविचांनी लिहिले की तुमच्यापाशी खरी प्रतिभा आहे, तिचा मान ठेवा, घाईचे लिखाण सोडा, वेळप्रसंगी उपाशी राहा, पण मनात साठलेले जपून ठेवा आणि सावकाश लिहा. हे वाचून चेकॉव्ह हलून गेले. त्यांनी उलट टपाली कबूल केले की आजवर एकाही गोष्टीवर आपण एका दिवसाहून अधिक वेळ घालवलेला नाही. आपले लिखाण किरकोळ आहे असेच ते धरून चालले होते. एका जाणत्या माणसाने ते मोलाचे मानले, तेव्हा कुठे त्यांना स्वतःला ते मोलाचे वाटू लागले.

ह्याचा परिणाम आकड्यांतच दिसतो. १८८६ साली त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठ्या गोष्टी लिहिल्या, तर १८८८ साली जेमतेम दहाबारा. त्याच १८८८ साली ‘स्टेप’ ही मोठी कथा प्रसिद्ध झाली व त्यांना पुश्किन पारितोषिक मिळाले. गोष्टींखाली आता खरे नाव येऊ लागले.

ते नेमके काय शिकले, हे त्यांच्या पत्रांवरून कळते. थोरला भाऊ अलेक्झांडर हाही लिहीत असे. त्याला १८८६ साली त्यांनी सविस्तर कळवले की लांबलचक मते मांडू नयेत, जसे आहे तसे लिहावे, थोडक्यात लिहावे, ठराविक साच्यातले टाळावे आणि मनात माया असावी. चांदण्या रात्रीचे वर्णन करायचे तर चंद्र, तारे, रुपेरी प्रकाश असे काही मांडू नये. बांधावर पडलेल्या फुटक्या बाटलीची काच चमकली आणि कुत्र्याची किंवा लांडग्याची काळी सावली दिसली, एवढे लिहिले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रात्र उभी राहते. लिदिया आविलोवा ह्या मुलाबाळांच्या बाई गोष्टी लिहून त्यांच्याकडे पाठवीत. त्यांना चेकॉव्ह ह्यांनी सांगितले की दुःखी माणसाबद्दल लिहिताना लेखकाने थंड राहावे. आपणच रडू लागलो तर वाचणाऱ्याला रडायला काही उरत नाही.

ह्याचे उदाहरण म्हणजे १८८६ सालची त्यांची बर्फातल्या गाडीवानाची गोष्ट. इयोना नावाच्या म्हाताऱ्या गाडीवानाचा तरुण मुलगा नुकताच वारला आहे. ते कोणाला तरी सांगावे म्हणून तो तळमळतो आहे. पण गाडीत बसणाऱ्या एकालाही ऐकायला सवड नाही. शेवटी रात्री तबेल्यात तो आपल्या घोडीलाच सगळे सांगतो. लेखकाने कोठेही हाय-हाय केलेले नाही. पण वाचून झाल्यावर, आपल्या दाराशी येणाऱ्या बोहारणीला किंवा भाजीवालीला आपण कधी दोन शब्द विचारले होते का, असे मनात आल्यावाचून राहत नाही. पुत्रशोकाची एवढी गोष्ट कोणाचेही मोठे शिक्षण मागत नाही. लक्ष मात्र मागते.

ते लक्ष चेकॉव्ह ह्यांनी केवळ टेबलाशी बसून दिले नाही. १८९० साली आजारी असताना ते हजारो मैलांचा प्रवास करून साखालिन बेटावर गेले. तेथे काळ्या पाण्याची शिक्षा भोगणारे कैदी होते. तीन महिने राहून, झोपडी-झोपडीत जाऊन त्यांनी सुमारे दहा हजार माणसांची माहिती कार्डांवर टिपली. १८९२ साली मॉस्कोजवळ मेलिखोवो येथे त्यांनी जमीन घेतली. त्याच वर्षी पटकीची साथ आली, तेव्हा पंचवीस खेड्यांची जबाबदारी त्यांनी विनावेतन पत्करली. त्या भागात तीन शाळा बांधवून घेतल्या. ह्या काळात ते एक वही जवळ बाळगीत. कोणाचे बोलणे, एखादे नाव, एखादा प्रसंग एकदोन ओळींत टिपून ठेवीत. काही टिपणांच्या गोष्टी वर्षांनी झाल्या, काहींच्या झाल्याच नाहीत.

खोडणे हा त्यांचा दुसरा नेम. गोष्ट पुरी झाली की तिचा आरंभ आणि शेवट काढून टाकावा, कारण लेखक तेथेच जास्त खोटे बोलतो, असे ते तरुण लेखकांना सांगत. १८९९ साली गॉर्की ह्यांना त्यांनी कळवले की विशेषणे काढून टाका. माणूस गवतावर बसला एवढे लिहिले तर लगेच डोळ्यांपुढे येते. त्या माणसाला आणि त्या गवताला चारचार विशेषणे लावली की वाचणारा दमून जातो. हे नियम त्यांनी स्वतःलाही लावले. १८९९ साली मार्क्स नावाच्या प्रकाशकाने त्यांचे लिखाण ७५,००० रुबलांना घेतले. तेव्हा त्यांनी तरुणपणच्या गोष्टी परत वाचून काढल्या, पुष्कळ सुधारल्या आणि कितीतरी वगळल्या.

१८९७ सालच्या मोठ्या रक्तस्रावानंतर क्षय असल्याचे निश्चित झाले होते. हवेसाठी त्यांना दक्षिणेस याल्टा येथे राहावे लागले. १९०१ साली नटी ओल्गा क्निपर हिच्याशी त्यांचा विवाह झाला. १९०३ साली आलेली ‘वाग्दत्त वधू’ ही त्यांची शेवटची कथा. एके काळी दिवसाला एक गोष्ट लिहिणाऱ्या ह्या माणसाने त्या एका कथेवर कित्येक महिने घालवले. छापखान्याकडून मुद्रिते आली तीही खोडून पुन्हा लिहिली. दुखणे बळावले होते आणि बसून लिहिण्याचे त्राणही नव्हते, तरी शिकणे चालूच होते. १५ जुलै १९०४ रोजी जर्मनीतील बाडेनवायलर येथे, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

भगिनींनो, देणगी काय ती त्यांच्याकडे होतीच. पण पहिल्या दिवशी ती कोणाला दिसली नव्हती, त्यांना स्वतःलाही नाही. नापसंत झालेल्या गोष्टी, ओळींची अट, घरातला गोंगाट आणि एका वडीलधाऱ्या माणसाचे पत्र ह्यांतून ती वर आली. ह्यातले शेवटचे काम आपण एकमेकींसाठी करू शकतो. एखादीने भीत भीत काही लिहून दाखवले, तर ते थट्टेवारी न नेता पूर्ण वाचावे, चांगले काय ते सांगावे आणि कोठे खोडावे तेही सांगावे. पुढील वर्धापनदिनाला अजून वर्ष आहे. तोवर प्रत्येकीने निदान एक गोष्ट, शंभर ओळींच्या आत, लिहून पाहावी अशी विनंती करून हा लेख पुरा करते.