पोथीतून प्रपंचात : नारायण वामन टिळक

शास्त्र वाचणारे पुष्कळ, सांगणारे त्याहून पुष्कळ. पण घरात, चुलीपाशी, पैशाच्या व्यवहारात ते चालविणारा विरळा. असा पुरुष परक्या पंथात आढळला तरी त्याचे चरित्र ऐकावे. म्हणून आज ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक यांचे चरित्र वारकरी बंधूंपुढे ठेवतो.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण घरात झाला. नाशकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृत काव्य-शास्त्राचे अध्ययन केले. पुढे नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथसंपादन केले. स्वतः कीर्तन करीत, पुराण सांगत. पण जातिभेदाने फाटलेला समाज पाहून मन बेचैन. सगळ्यांना एका पंगतीला बसवील असा धर्म कोणता, हा एकच ध्यास.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका गोऱ्या पाद्र्याची गाठ पडली. त्याने नव्या कराराची प्रत हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते काही पटले नाही. पण वाचीन असा शब्द दिला होता, तो पाळला. वाचता वाचता मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. वैऱ्यावरही प्रेम करावे, उद्याची चिंता वाहू नये, दान गुप्त ठेवावे, ही शिकवण त्यांच्या काळजाला भिडली. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता इथे एक गोष्ट झाकून चालायचे नाही. पत्नी लक्ष्मीबाई यांना विश्वासात न घेता हे पाऊल पडले. त्या माउलीवर आकाशच कोसळले! लहानग्या दत्तूला घेऊन त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. त्यातला काही काळ आपल्या पंढरीतच गेला. टिळकांचा स्वभाव तापट, पैसा हातात ठरत नसे. हे सारे लक्ष्मीबाईंनीच ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात मोकळेपणी लिहून ठेवले आहे.

पण परीक्षा झाली ती यापुढेच. टिळकांनी दुसरा संसार मांडला नाही, बायकोवर बळजोरी केली नाही. जवळजवळ पाच वर्षे वाट पाहिली. पुढे त्या परत आल्या तेव्हा त्यांचे सोवळे, त्यांचा वेगळा स्वयंपाक, सारे त्यांनी सांभाळू दिले. राहुरीस असता लक्ष्मीबाईंना आपल्याच विचाराने उमगले की, जातिभेद माणसाने केलेला आहे, देवाने नव्हे. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. प्रेमाने वाट पाहणे, हीही शास्त्राची पोथी उघडणेच नव्हे काय?

त्यांचे घर कधी रिकामे नसे. अनाथ पोरे तिथे घरचीच म्हणून वाढत. बालकवी ठोंबरे अहमदनगरास त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. राहिले ते हिंदूच. जेवायला बसणाऱ्याला टिळकांनी धर्म विचारला नाही.

आणि आपल्या कानांना गोड लागणारी गोष्ट पुढेच आहे. तुकोबारायांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानीत. ख्रिस्ती मंडळी तोवर विलायती चालीवर गात. टिळकांनी त्यांना अभंग दिले, टाळ दिले, कीर्तन दिले. धर्म बदलला म्हणून मायबोली आणि देश बदलत नाही, हे त्यांनी करून दाखविले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य आरंभिले. ते अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे चालविले.

अखेर १९१७ साली त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली. उद्याची चिंता करू नये, असे उपदेशावे आणि महिन्याला पगार मोजून घ्यावा, हे त्यांना सलू लागले होते. साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईस त्यांनी देह ठेवला.

असो. त्यांचा मार्ग तो आपला मार्ग नव्हे. आपली निष्ठा विठ्ठलचरणी. पण तुकोबारायांची पालखी दरसाल बारामती, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने आमच्या लोणी देवकरच्या मुलखातून जाते, तेव्हा आम्ही पायांवर डोके ठेवतो, एकमेकांना माउली म्हणतो. पालखी सराटीपुढे गेली, की घरी येऊन तीच माउली वेशीबाहेरची ठरवावयाची काय? ज्ञानोबा-तुकोबांचे ग्रंथ आपल्या घरात आहेत. टिळकांनी एक पोथी प्रपंचात उतरविली, चुकत चुकत का होईना. आपण निदान एक ओवी उतरवावी, एवढेच मागणे. रामकृष्ण हरि.