मायकेल फॅरडे

मधुमेहाचा रोगी आज रक्ताचा एक थेंब लहानशा पट्टीस लावतो व कांहीं सेकंदांत रक्तांतील साखरेचें प्रमाण जाणतो. या विद्येचा पाया ज्यांनीं घातला, त्यांपैकीं एका थोर पुरुषाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडननजीक न्यूइंग्टन बट्स येथें झाला. वडील लोहार होते. घरीं दारिद्र्य होतें. चौदाव्या वर्षीं ते एका पुस्तकें बांधणाऱ्याकडे उमेदवारीस राहिले आणि बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचूं लागले. १८१२ सालीं सर हम्फ्री डेव्ही यांचीं व्याख्यानें ऐकून त्यांनीं टिपणें काढलीं, तीं स्वहस्तें बांधून डेव्हींकडे पाठविलीं. आणि १८१३ त रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेंत त्यांस साहाय्यकाची जागा मिळाली.

१८३१ सालीं त्यांनीं चुंबकापासून विद्युत्प्रवाह उत्पन्न केला. पुढें १८३३-३४ च्या सुमारास त्यांनीं सिद्ध केलें कीं, द्रवांतून जितकी वीज जाते तितक्याच प्रमाणांत पदार्थाचें विघटन होतें. अर्थात् वीज मोजली कीं पदार्थ मोजला जातो. इलेक्ट्रोड हा शब्दही त्यांच्याच लेखनांतून रूढ झाला.

१८४० च्या सुमारास त्यांची स्मरणशक्ति क्षीण होऊं लागली. तरीही १८५६ त, वयाच्या पासष्टीस, त्यांनीं नवें काम आरंभिलें. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून त्यांनीं माणकासारखा लाल द्रव सिद्ध केला आणि तो रंग सोन्याच्या अत्यंत सूक्ष्म कणांमुळें येतो, असें १८५७ त रॉयल सोसायटीपुढें मांडलें. त्यांच्या त्या कुप्या लंडन येथें जतन करून ठेविल्या आहेत. त्या काळीं या शोधाचा व्यवहारांत उपयोग कोणास दिसला नाहीं.

१९६२ सालीं अमेरिकेंत क्लार्क व लायन्स यांनीं इलेक्ट्रोडवर एन्झाइम बसवून साखर मोजण्याची युक्ति काढली. एन्झाइम साखरेवर क्रिया करतें; त्या क्रियेचें माप इलेक्ट्रोड विजेच्या रूपानें देतो. अलीकडे संशोधक अशा इलेक्ट्रोडवर सोन्याचे सूक्ष्म कण बसवितात. त्यामुळें पृष्ठभाग वाढतो, विजेची देवघेव सुलभ होते व अल्पांश पदार्थही ओळखतां येतो. फॅरडे यांचीं दोन निरनिराळीं कामें अशीं एकत्र आलीं.

त्यांनीं सर ही पदवी व रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद दोन्हीं नाकारलीं. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं त्यांचा अंत झाला. काम हातीं घेतांना फळाचा हिशेब आधीं मागणाऱ्या आम्हां सर्वांस, स्मृति मावळत असतां लाल द्रवाच्या कुप्या न्याहाळणारा हा वृद्ध पुष्कळ शिकवून जातो.