अनुदान, छप्पर आणि बाबासाहेब

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपण दरवर्षी १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला ऐकतो. महाडचे चवदार तळे, पुणे करार, संविधान आणि नागपूरची धम्मदीक्षा हे टप्पे आपल्या विद्यार्थ्यांनाही मुखोद्गत आहेत. परंतु शाळा-वसतिगृहांसाठी शासनाच्या तिजोरीतून पैसा मागणारे आणि तो अपुरा पडला की समाजाला हाक देणारे बाबासाहेब या सोहळ्यांतून क्वचितच भेटतात. निवासी शाळांच्या गळक्या छपरांचा आणि दुरुस्ती निधीचा प्रश्न आज सर्वत्र भेडसावत असताना त्यांच्या जीवनाची ही बाजू समजून घेणे अगत्याचे आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या घरी जन्मलेल्या भीमरावांना साताऱ्याच्या शाळेत इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. पाणी वाढणारा शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे लागे. शाळा उभी असणे आणि त्या शाळेत आपल्याला माणूस म्हणून जागा असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत हे त्यांना बालपणीच उमगले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर १९१२ साली ते बी. ए. झाले आणि बडोदा संस्थानच्याच साहाय्याने १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. राज्याच्या तिजोरीतील पैसा एका विद्यार्थ्याचे जीवन किती पालटू शकतो, याचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता.

त्यांच्या अभ्यासाचा विषयही तिजोरीचाच होता. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती हा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. सरकारचा महसूल केंद्र आणि प्रांत यांच्यात कसा वाटला जातो, याची त्यात चिकित्सा आहे. त्यामुळे पुढे त्यांनी जेव्हा जेव्हा अनुदान मागितले, तेव्हा याचकाची भाषा त्यांना वापरावी लागली नाही. जनतेने भरलेल्या करातून जनतेचा वाटा मागणारा अर्थशास्त्रज्ञ तेथे बोलत असे.

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले. मुलांच्या जेवणाचा, कपड्यांचा आणि वह्या-पुस्तकांचा भार सभेने उचलला, तर सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपये साहाय्य दिले. रक्कम लहान होती. पण ती सार्वजनिक निधीतून आली होती आणि म्हणूनच तिचे मोल मोठे होते.

१९२७ साली ते मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले. त्याच वर्षी १२ मार्चला शिक्षण अनुदानावरील चर्चेत त्यांनी सरकारचाच हिशेब सरकारपुढे मांडला. शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च होतात आणि अबकारी कराच्या रूपाने माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल केले जातात. दारूच्या करातून जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर परत द्या, असा त्यांचा साधा युक्तिवाद होता.

१४ जून १९२८ रोजी त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मुंबई सरकारने माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी पाच वसतिगृहांची योजना मंजूर केली आणि त्यांच्या व्यवस्थापनाची जबाबदारी या सोसायटीवर आली. सरकारी अनुदान खर्चाला पुरेना, तेव्हा बाबासाहेबांनी दात्यांकडे मदतीची मागणी केली. अनुदान कमी म्हणून वसतिगृह बंद करणे त्यांना मान्य नव्हते; तसेच समाज देतो आहे म्हणून सरकारला जबाबदारीतून मोकळे करणेही त्यांना मान्य नव्हते.

१९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून गेल्यावर त्यांनी ऑक्टोबरमध्ये लॉर्ड लिनलिथगो यांना सविस्तर निवेदन दिले. बनारस आणि अलीगढ येथील विद्यापीठांना केंद्र सरकार प्रत्येकी तीन लाख रुपये देते. मग अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी तेवढीच तरतूद का नसावी, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे वार्षिक तीन लाख रुपये मंजूर झाले आणि १९४४ पासून शिष्यवृत्ती सुरू झाली. आपल्या घरोघरी भारत सरकारची शिष्यवृत्ती म्हणून जी ओळखली जाते, तिचे मूळ येथे आहे.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले ते मुंबईतील लष्करी बराकींत. इमारत नाही म्हणून वर्ग थांबले नाहीत; आणि वर्ग सुरू झाले म्हणून इमारतीचा प्रयत्नही थांबला नाही.

त्यानंतर त्यांची दृष्टी आपल्या मराठवाड्याकडे वळली. बीड तेव्हा हैदराबाद राज्यात होते आणि विद्यापीठ म्हणजे दूर हैदराबादचे उस्मानिया. १९५० साली त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. बांधकामासाठी हैदराबाद सरकारकडून कर्ज घेण्यात आले. नागसेनवनातील बांधकामात आणि वृक्षारोपणात बाबासाहेब जातीने लक्ष घालीत. प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव या महाविद्यालयाला मिळाले. बीड जिल्ह्यातील कित्येक घरांतील पहिला पदवीधर याच वनाच्या सावलीत घडला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बीडसह मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर अनेक दशके लोटली, तरी मराठवाड्यातील काही गावांत निजामकालीन इमारतींत शाळा भरतात. दिवाळीच्या सुमारास पालक कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात, तेव्हा लेकरांना गावात धरून ठेवते ते वसतिगृहच. त्याचे छप्पर गळू लागले, शौचालये मोडकळीस आली, तर सर्वांत आधी शाळा सोडते ती मुलगी आणि मग ऊसतोड कामगाराचा मुलगा. नव्या इमारतीला उद्घाटन लाभते. दुरुस्तीला कोणी फीत कापायला येत नाही. म्हणूनच ती मागे पडते.

या चरित्रातून आपल्याला काम मिळते. दुरुस्तीचे अंदाजपत्रक मुदतीत आणि आकड्यांनिशी सादर करावे, मंजुरी येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. निधी आला की लेखापरीक्षण आणि उपयोगिता प्रमाणपत्र यांत कसूर नसावी. आणि तो कमी पडला, तर ज्या माजी विद्यार्थ्यांनी या छपराखाली रात्री अभ्यास केला, त्यांनी आपला वाटा उचलावा. सोलापूरच्या वसतिगृहाला नगरपालिकेकडून मिळत होते ते महिन्याला ४० रुपयेच. बाकीचे आपल्या माणसांनी उभे केले होते.