इंदूरच्या दोन नासपत्या

गिरगावात सराफाच्या दुकानात शिरायला धीर लागत नाही. पायरी चढायची, टेकायचं, भाव विचारायचा, जमलं तर कानातल्याचा मळसूत्र बदलून घ्यायचा आणि उठायचं. काही घेतलं नाही तरी सराफ ओळख ठेवतो. या सवयीत साठी ओलांडलेला मी पॅरिसच्या प्लास व्हँदोम चौकात, बारा नंबरच्या दारासमोर चांगली दहा मिनिटं घुटमळत होतो. काळ्या सुटातला दरवान आमच्याकडे पाहून हसला, तरी माझा पाय उचलेना. अखेर पत्नीच पुढे झाली.

हे शोमे यांचं दुकान. पेढी १७८० सालची, या जागेत १९०७ पासून. तिचा मूळपुरुष नितो हा नेपोलियनचा जवाहिऱ्या. आणि खुद्द नेपोलियन चौकाच्या मधोमध, शत्रूच्या तोफांच्या ब्राँझने मढवलेल्या उंच खांबावर उभा. संगीतकार शोपँ १८४९ साली याच बारा नंबरात वारला. मी मात्र आलो होतो तो एका मराठी माणसाच्या खरेदीपायी. इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांनी १९१३ साली या पेढीकडून नासपतीच्या आकाराचे दोन हिरे घेतले. ‘इंदूर पेअर्स’ या नावाने जवाहिऱ्यांच्या जगात ते आजही ओळखले जातात.

एकेक हिरा सुमारे ४७ कॅरटचा. बँकेत मी काही वर्षं सोनेतारणाचं टेबल सांभाळलंय, त्यामुळे मनात लगेच हिशेब झाला. पाच कॅरटचा एक ग्रॅम, म्हणजे दोन्ही मिळून पावणेएकोणीस ग्रॅम. दीड तोळ्याहून जरासं जास्त. एवढं तर आमच्याकडे तारण ठेवलेल्या पाटल्यांच्या एका जोडीतही भरायचं!

घेणारा बावीस-तेवीस वर्षांचा होता. तुकोजीरावांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९०चा. वडील शिवाजीराव १९०३ साली गादीवरून दूर झाले आणि हे बारा वर्षांचं पोर गादीवर आलं. कारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले १९११मध्ये. घराणं सधन होतं. यांच्या आजोबांनी, दुसऱ्या तुकोजीरावांनी, खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ दिले होते, साडेचार टक्क्यांनी आणि १०१ वर्षांच्या मुदतीने. सरकारला कर्ज देणारा संस्थानिक म्हणून मला त्या आजोबांचं फार कौतुक वाटतं. नातवाची गोष्ट वेगळी.

पण नातू नुसता उधळ्या होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. प्लेगने गांजलेल्या इंदूरची आखणी नव्याने करायला त्यांनी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताला बोलावलं. गेडिसने ऐन दिवाळीत मिरवणूक काढवली, तीत प्लेगचा भलामोठा उंदीर केला आणि त्याचं दहन केलं. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार ते आधी सांगितलं नव्हतं; सर्वांत स्वच्छ वस्तीतून जाणार एवढंच जाहीर केलं होतं. सगळं शहर झाडू घेऊन उठलं. १९१८ साली त्याने दोन खंडांचा अहवाल दिला. नगररचना शिकणारे आजही तो वाचतात. हे सगळं ज्याच्या पदरी घडलं, तो राजा आपल्याकडे मात्र भलत्याच कारणाने लक्षात राहिला.

ते कारण आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडलं. १२ जानेवारी १९२५च्या संध्याकाळी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या तरुण व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याला गोळ्या घातल्या गेल्या. बरोबरची मुमताज बेगम इंदूर दरबार सोडून मुंबईत आलेली. मारेकऱ्यांनी तिच्या चेहऱ्यावर वार केले. गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी नेमके तिथे पोचले आणि ती वाचली. आजोबा तेव्हा विशीत होते. हँगिंग गार्डनला जाताना ते दर वेळी तो चढ दाखवायचे आणि खटल्याच्या दिवसांत हायकोर्टाबाहेर गर्दीत कसे उभे राहिलो ते सांगायचे. त्याच वर्षी या प्रकरणावर ‘कुलीन कांता’ नावाचा मूकपट निघाला, यावरून मुंबईने ते किती चघळलं असेल ते समजावं.

हायकोर्टाने तिघांना फाशीची शिक्षा फर्मावली. आरोपींपैकी काहींचे धागे इंदूरला पोचत होते. महाराजांवर खटला कधी चालला नाही आणि त्यांचा हात कधी सिद्ध झाला नाही. इंग्रजांनी त्यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या: चौकशी आयोगाला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी १९२६मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडली. तेव्हा ते पस्तीस वर्षांचे होते. आजोबांचं मत ठाम होतं. माझं तसं नाही. तरी चौकशी टाळणाऱ्या कर्जदाराबद्दल बँकेत आमचं जे मत व्हायचं, ते इथेही आपोआप होतं, हे कबूल करतो.

गादी मुलाकडे, यशवंतरावांकडे, गेली. १९२८ साली तुकोजीरावांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. त्याआधी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्याकरवी तिला हिंदू करून घेतलं आणि ती शर्मिष्ठादेवी झाली. सनातनी आणि सुधारक दोघांनाही त्या वर्षी भांडायला विषयाची वाण पडली नाही.

आणि नासपत्या? त्याही मुलाकडे गेल्या. यशवंतरावांनी मोबुसँ या दुसऱ्या पॅरिसच्या जवाहिऱ्याकडून त्या नव्या घाटात जडवून घेतल्या. बुते द मोंव्हेल या चित्रकाराने मराठी पेहरावात रंगवलेल्या त्यांच्या तसबिरीत त्या गळ्यात दिसतात. १९४६ साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने त्या विकत घेतल्या आणि पुन्हा थोड्या घासून घेतल्या. पुढे जिनिव्हाच्या लिलावात पुकारल्या गेल्या. एकूण तेहेतीस वर्षं होळकरांकडे. आमच्याकडे लाखेचं सील लावलेल्या कापडी पिशव्या मुदत टळून पडायच्या. नोटिशीवर नोटीस जायची, मग लिलावाचा दिवस. डाग कोणाचा, कशापायी ठेवलेला, हे लिलावात कोणी विचारत नसे. पण एक प्रश्न मात्र मी टेबलावर नेहमी विचारत असे, कारण फॉर्मवर तो रकानाच होता: दागिना स्वतःच्या मालकीचा आहे ना? १९१३ साली हा रकाना भरायचा असता तर तुकोजीरावांनी काय लिहिलं असतं? पैका माळव्यातल्या रयतेच्या साऱ्याचा. आणि ती रयत दुष्काळात आपली बुगडी सावकाराकडे ठेवणारी.

दुकानात आम्ही पाच-सात मिनिटं होतो. कशावरही किंमत लिहिलेली नव्हती. तिथल्या मुलीने पत्नीच्या मंगळसूत्राकडे अगदी निरखून पाहिलं आणि खुणेनेच वाट्या जवळून बघू का म्हणून विचारलं. पत्नीने त्या पदराबाहेर काढून दाखवल्या, उलट्या करून आतली बाजूही दाखवली. होळकरांचं नाव काढायचं म्हणून मी एवढ्या लांब आलो होतो, पण त्या दोघींच्या मध्ये मला ते काढवेना.

तुकोजीराव राज्य सोडल्यावर बावन्न वर्षं जगले. मुलगा १९६१ साली मुंबईत, त्यांच्या आधी गेला. संस्थान गेलं, तनखे गेले. २१ मे १९७८ रोजी तुकोजीराव वारले, ते इंदुरात नव्हे, पॅरिसमध्ये. बाहेर आल्यावर हे पत्नीला सांगितलं. तिने मागे वळून त्या दाराकडे एकदा पाहिलं, मंगळसूत्र आत सारलं आणि जवळपास कुठे चहा मिळेल का ते विचारलं.