विनोबा भावे यांचे बालपण आणि घरातील तत्त्वशिक्षण

आचार्य विनोबा भावे (मूळ नाव: विनायक नरहर भावे, जन्म: ११ सप्टेंबर १८९५, गागोदे, मृत्यू: १५ नोव्हेंबर १९८२, पवनार) हे भूदान चळवळीचे प्रवर्तक, महात्मा गांधींचे सहकारी आणि भगवद्गीतेचे मराठी भाष्यकार होते. गीता, उपनिषदे आणि विविध धर्मांच्या मूळ ग्रंथांचा त्यांनी सखोल अभ्यास केला. मात्र त्यांच्या तत्त्वचिंतनाची सुरुवात शाळेत किंवा गुरुगृही झाली नाही. ती आजोबा, आई आणि वडील यांच्या सहवासात घरीच झाली. या काळाची माहिती मुख्यतः त्यांनी उत्तरायुष्यात सांगितलेल्या आठवणींतून मिळते. कालिंदी यांनी संकलित केलेल्या 'अहिंसा की तलाश' या हिंदी ग्रंथात अशा अनेक आठवणी आहेत.

जन्मस्थान आणि परिसर

गागोदे हे गाव पेण तालुक्यात आहे. हा तालुका तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात मोडतो. याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, महाड आणि पोलादपूर हे तालुके आहेत. महाड तालुक्यातील शिवथरघळ हे समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'चे लेखनस्थान मानले जाते. श्रोत्याने शंका विचारावी आणि वक्त्याने तिचे निरसन करावे, अशी त्या ग्रंथाची रचना आहे. रामदासांचे 'मनाचे श्लोक' महाराष्ट्रातील अनेक घरांत मुलांकडून तिन्हीसांजेला म्हणवून घेतले जात. गौतम बुद्ध आणि शंकराचार्य यांच्याबरोबरच रामदासांच्या गृहत्यागाचेही विनोबांना लहानपणापासून आकर्षण होते. तथापि भावे कुटुंबातील शिक्षण केवळ पाठांतरावर थांबले नाही. तेथे मुलाच्या शंकेला उत्तर मिळे आणि त्या उत्तरावर पुन्हा शंका घेण्याची मोकळीकही असे.

आजोबांचा सहवास

विनोबांची सुरुवातीची वर्षे गागोदे येथे आजोबा शंभुराव यांच्या सहवासात गेली. शंभुराव व्रतस्थ वृत्तीचे होते. चंद्राच्या कलांप्रमाणे घास वाढवण्याचे व कमी करण्याचे चांद्रायण व्रत ते करीत. गणेशोत्सवात ते मुलांना बरोबर घेऊन मातीची मूर्ती घडवीत आणि तिच्यासाठी मुलांकडून चंदन उगाळून घेत. स्वतःच्या हातांनी घडवलेली व मनोभावे पुजलेली मूर्ती काही दिवसांनी पाण्यात सोडावी लागे, याचे लहान विनायकाला वाईट वाटे. आवाहनाइतकेच विसर्जनही पूजेचे अंग आहे, हा अर्थ त्याला या अनुभवातून पुढे उमगला.

एकदा पूजा चालू असताना देवाच्या मूर्तीवर एक विंचू येऊन बसला. घरातील माणसे त्याला मारायला धावली. तो देवाच्या आश्रयास आला आहे, असे सांगून शंभुरावांनी सर्वांना थांबवले व पूजा पुढे चालू ठेवली. काही वेळाने विंचू निघून गेला. या प्रसंगाचा ठसा विनोबांच्या मनावर कायम राहिला.

आईची शिकवण

विनोबांच्या आई रुक्मिणीबाई मूळच्या कर्नाटकातील होत्या. त्यांचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते, परंतु संतांची अनेक पदे त्यांना मुखोद्गत होती. तुळशीला पाणी घातल्याशिवाय मुलांना न्याहारी मिळत नसे. फणस पिकला की त्याचे गरे आधी शेजाऱ्यांना वाटण्याचे काम मुलांकडे असे. देव या शब्दाचा देण्याशी असलेला संबंध त्या मुलांना अशा वेळी समजावून सांगत.

मुलाची भीतीही त्यांनी विचाराच्या मार्गाने दूर केली. एका रात्री कंदिलाच्या उजेडात भिंतीवर पडलेली मोठी सावली पाहून विनायक घाबरला. आईने त्याला बसायला, उठायला आणि सावली काय करते ते पाहायला सांगितले. आपण करतो तेच सावली करते, म्हणजे ती आपली ताबेदार आहे, हे प्रत्यक्ष अनुभवल्यावर त्याचे भय गेले.

आई आणि मुलगा यांच्यात वादही होत. एकदा दाराशी आलेल्या धडधाकट भिक्षेकऱ्याला आईने भिक्षा घातली, तेव्हा अशा दानाने आळस वाढतो असा आक्षेप विनायकाने घेतला. पात्र कोण आणि अपात्र कोण हे ठरवणारे आपण कोण, असा उलट प्रश्न आईने केला. या प्रश्नाचे खंडन करणारा युक्तिवाद आपल्याला पुढेही सापडला नाही, असे विनोबा सांगत.

घरात शिक्षणासाठी ठेवून घेतलेल्या एका गरीब विद्यार्थ्याला आई ताजे अन्न वाढत; शिळे उरलेले मात्र स्वतः खात किंवा विनायकाला देत. समभावाचा उपदेश करणारी आई हा भेद का करते, असे त्याने विचारले. आईने भेद नाकारला नाही. त्या विद्यार्थ्यात आपल्याला देव दिसतो, तर विनायक अजून पुत्र म्हणूनच दिसतो. ही आसक्ती सुटेल तेव्हा भेदही जाईल, अशी कबुली त्यांनी दिली.

वडील आणि तांदळाचे दाणे

वडील नरहर शंभुराव हे बडोद्यास नोकरीला होते. वस्त्ररंगांच्या प्रयोगांत रस असलेले ते काटेकोर, विज्ञाननिष्ठ गृहस्थ होते. एका दिवाळीला ते बडोद्याहून मिठाई आणतील, असे आईने मुलाला सांगितले होते. पुडके उघडले तेव्हा त्यात मुलांसाठी लिहिलेले रामायण आणि महाभारत निघाले. आईच्या डोळ्यांत पाणी आले. यापेक्षा चांगली मिठाई असू शकत नाही, असे तिने मुलाला समजावले.

१९०३च्या सुमारास कुटुंब बडोद्यास राहावयास गेले. तेथे आईने देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता. त्या रोज मूठभर दाणे एकेक मोजून वाहत. एक तोळा तांदळात किती दाणे भरतात ते मोजून त्यावरून हिशेब करावा आणि उणीव राहू नये म्हणून थोडे अधिक घालावेत, असे वडिलांनी सुचवले. आईला उत्तर सुचले नाही, म्हणून तिने संध्याकाळी मुलाला विचारले. येथे प्रश्न गणिताचा नसून प्रत्येक दाण्याबरोबर होणाऱ्या नामस्मरणाचा आहे, असे त्याने सांगितले. वडिलांची तर्कशुद्धता आणि आईची भक्ती या दोहोंचा मेळ विनोबांच्या पुढील लेखनात दिसतो. गणित हा त्यांचा अखेरपर्यंत आवडीचा विषय राहिला.

गृहत्याग आणि आईचा मृत्यू

महाविद्यालयात शिकत असताना विनोबांनी आपली प्रमाणपत्रे आईसमोर चुलीत जाळली. मार्च १९१६ मध्ये इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले व काशीला गेले. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी भेट झाली. पुढे वाई येथील प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे त्यांनी शास्त्राध्ययन केले. त्यांचे धाकटे बंधू बाळकोबा आणि शिवाजी यांनीही ब्रह्मचर्य पत्करून आश्रमजीवन स्वीकारले.

१९१८च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत आई आणि धाकटा भाऊ दत्तात्रेय यांचे निधन झाले. आईचा मृत्यू २४ ऑक्टोबर १९१८ रोजी झाला. अंत्यसंस्कार पुरोहिताकरवी न करता आपणच करावेत, असा विनोबांचा आग्रह होता. तो मान्य न झाल्याने ते स्मशानात गेले नाहीत. घरी राहून त्यांनी वेदाध्ययनास प्रारंभ केला. आईने जोपासलेली श्रद्धा त्यांनी सोडली नाही, परंतु तिच्या अखेरच्या संस्काराच्या रूढ पद्धतीस नकार दिला. घरात मिळालेल्या विचारस्वातंत्र्याचा हा सर्वांत कठीण प्रसंग होता.

गीताई आणि गीता प्रवचने

बडोद्यास असताना आईने गीतेवरील प्रवचन ऐकले होते, पण संस्कृत श्लोक कळत नसल्याने मराठी गीता आणून देण्यास सांगितले. विनोबांनी आणलेला पद्यानुवाद त्यांना अवघड गेला. तेव्हा मुलानेच सोपे भाषांतर करावे, असे त्यांनी सुचवले. ही इच्छा त्यांच्या मृत्यूनंतर पूर्ण झाली. ७ ऑक्टोबर १९३० रोजी विनोबांनी 'गीताई' लिहिण्यास प्रारंभ केला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पूर्ण केली. आश्रमातील मुलींना शिकवताना जेथे अर्थ अडला तेथे त्यांनी शब्द बदलले. १९३२ मध्ये धुळे कारागृहात दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. साने गुरुजींनी ती अठरा प्रवचने लिहून घेतली व ती 'गीता प्रवचने' या नावाने प्रसिद्ध झाली.

उत्तरायुष्य

१९४०च्या वैयक्तिक सत्याग्रहात गांधीजींनी विनोबांची पहिले सत्याग्रही म्हणून निवड केली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे मिळालेल्या शंभर एकर जमिनीच्या दानातून भूदान चळवळ सुरू झाली. आपल्याला घरातील आणखी एक मुलगा समजून त्याच्या वाट्याची जमीन भूमिहीनांसाठी द्यावी, असे आवाहन ते जमीनधारकांना करीत. १९५८ मध्ये त्यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेवर मोठी टीका झाली. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

शिक्षणविचारातील प्रतिबिंब

शिक्षण जीवनापासून वेगळे काढता येत नाही, हे विनोबांच्या शिक्षणविषयक लेखनाचे मुख्य सूत्र आहे. त्यांच्या स्वतःच्या बालपणात फणसाची वाटणी, सावलीची भीती किंवा तांदळाची मोजणी अशा नित्याच्या घटनांमधून दान, भय आणि भक्ती यांविषयीचे प्रश्न उभे राहिले. त्या प्रश्नांत मोठ्यांनी मुलाला सहभागी करून घेतले. उत्तर न सुचल्यास आईने ते मुलाला विचारले, आणि स्वतःच्या वागण्यातील विसंगतीही त्याच्याजवळ मान्य केली. लहान मुलांना घरीच तत्त्वविचाराची ओळख कशी होऊ शकते, याचे मराठीतील एक ठळक उदाहरण म्हणून विनोबांच्या या आठवणी महत्त्वाच्या ठरतात.