प्रकाशाचे उपासक डॉक्टर फिन्सेन

सूर्यप्रकाश आपणांस इतका सुलभ आहे कीं, त्याचें मोल सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. ज्या देशांत हिवाळ्यांत सूर्य थोडाच वेळ दर्शन देतो, तेथील मनुष्यास तें चांगलें कळतें. नील्स फिन्सेन हे असेच एक पुरुष होत.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजीं उत्तर अटलांटिक महासागरांतील फॅरो बेटांवर झाला. डेन्मार्क व आइसलंड येथें शालेय शिक्षण झाल्यावर ते वैद्यक शिकण्यासाठीं कोपनहेगनला आले, आणि १८९० सालीं पदवीधर झाले. परंतु विद्यार्थिदशेंतच त्यांना एका असाध्य रोगानें गांठलें. यकृत व हृदय यांचीं आवरणें हळूहळू जाड होऊं लागलीं. त्यांची खोली उत्तराभिमुख असून तींत ऊन येत नसे. तेथें त्यांना सदा थकवा वाटे. उन्हांत जाऊन बसलें कीं हुशारी येई. असें कां व्हावें, हा प्रश्न त्यांच्या मनानें धरला तो कायमचा. मुकीं जनावरेंही सावली आली कीं सरकून उन्हांत जातात, हें ते बारकाईनें पाहत.

त्या काळीं ल्युपस नांवाचा त्वचेचा क्षय रोग्याचा चेहरा कुरतडून टाकी. अशा दुर्दैवी माणसांस समाजांत तोंड दाखविणें कठीण होई. फिन्सेन यांनीं विजेच्या प्रखर दिव्याचा प्रकाश भिंगांनीं एकत्र करून, व पाण्याच्या योगें त्यांतील उष्णता काढून, तो रोगग्रस्त भागावर पाडला. १८९५ सालीं पहिल्या रोग्यावर हा उपाय झाला, आणि महिनोगणती चिकाटीनें केलेल्या उपचारास यश आलें. १८९६ सालीं कोपनहेगन येथें त्यांची प्रकाशचिकित्सा संस्था निघाली. १९०३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांतील मोठा भाग त्यांनीं रोग्यांच्या सेवेकरितां देऊन टाकला. तोंपर्यंत ते चाकांच्या खुर्चीस खिळले होते. २४ सप्टेंबर १९०४ रोजीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, ते निवर्तले.

पुढें क्षयावर गुणकारी औषधें निघालीं आणि तो दिवा मागें पडला. त्यांचा प्रश्न मात्र मागें पडला नाहीं. अंधार पडला कीं मेंदूंतील पिनियल ग्रंथि मेलाटोनिन नांवाचें संप्रेरक रक्तांत सोडते व शरीरास रात्र झाल्याचें कळविते. डोळ्यांवर पडणारा प्रकाश तें थोपवितो, हें आतां सिद्ध झालें आहे. म्हणून सकाळचें ऊन अंगास तरतरी देतें, आणि रात्रीं उशीरापर्यंतचे झगझगीत दिवे झोंप लांबवितात.

विद्यार्थिमित्रांनो, स्वतःचें दुखणें न हटणारें असतांही फिन्सेन यांनीं त्यांतूनच इतरांच्या उपयोगाचें ज्ञान काढलें. सकाळीं अभ्यासाची खिडकी उघडतांना या डॉक्टरांची आठवण अवश्य ठेवा.