अक्षरे ओतण्याचा वेग वाढवणारे शंकर आबाजी भिसे

मुद्रणयंत्रांचे मराठी संशोधक डॉ. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले शास्त्रज्ञ, यांनी तारेने आलेले संदेश कागदावर उमटवणाऱ्या एका उपकरणाचे पेटंट घेतले. काचेच्या बारीक नळीतून विद्युतभारित शाई सरकत्या कागदावर पडावी, नळीने कागदाला स्पर्श करू नये, अशी त्याची रचना होती. आजच्या औद्योगिक इंकजेट मुद्रणाची वंशावळ या उपकरणापासून सांगितली जाते. औषधाच्या वेष्टनावरची तारीख किंवा बाटलीवरचा गटक्रमांक सेकंदाला हजारो थेंब फेकून उमटवणाऱ्या यंत्रांना अक्षराचा ठसा लागत नाही आणि खिळाही लागत नाही. भिसे यांचे आयुष्य मात्र त्या खिळ्यातच गुंतले होते.

ज्यांनी जुना छापखाना पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रधातूचा, टोकावर उलटे अक्षर असलेला छोटा तुकडा म्हणजे खिळा. अँटिमनीमुळे शिशाला कठीणपणा येतो आणि अक्षराच्या कडा रेखीव उमटतात. पोलादी ठशाने तांब्यात अक्षर उमटवून मातृका तयार करायची, ती साच्यात बसवायची, वितळलेला धातू आत दाबायचा, तो थिजला की खिळा बाहेर काढायचा, हा त्याचा क्रम. मुंबईत जावजी दादाजी चौधरी यांनी १८६४ साली अक्षरांचा ओतकारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्या सुबक देवनागरीने त्या काळच्या मराठी व संस्कृत ग्रंथांना रूप दिले. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी लागत. शिवाय खिळे वापराने झिजत आणि पुन्हा ओतावे लागत. त्यामुळे स्वस्त पुस्तक आणि स्वस्त वर्तमानपत्र यांचा प्रश्न बऱ्याच अंशी ओतकामाच्या वेगाचा प्रश्न होता.

भिसे यांचे बालपण ज्या मुंबईत गेले, तेथे गिरण्या, रेल्वे आणि छापखाने एकाच वेळी वाढत होते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी घरीच कोळशापासून वायू तयार करणारे उपकरण बनवले, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. तरुणपणी दृष्टिभ्रमाच्या प्रयोगांचा त्यांना नाद लागला. एका घन वस्तूचे प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या वस्तूत रूपांतर झाल्याचा आभास ते निर्माण करीत. हे प्रयोग त्यांनी इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्येही सादर केले. मुंबईत त्यांनी विज्ञानप्रेमींचे एक मंडळ स्थापन केले आणि १८९३ साली ‘विविध कला प्रकाश’ हे विज्ञानविषयक मराठी नियतकालिक सुरू केले. यंत्राची माहिती सर्वसामान्य वाचकाला त्याच्या भाषेत द्यावी, हा त्यामागचा हेतू होता. भिसे यांच्या पेटंटांची मोजदाद करणारे या नियतकालिकाचा उल्लेख एका ओळीत उरकतात. वस्तुतः छापखान्याशी त्यांचा परिचय संपादक म्हणूनही होता, हे लक्षात घेतल्यास पुढचे यंत्र त्यांना का सुचले असावे, याचा अंदाज येतो.

एकोणिसावे शतक संपत असताना लंडनच्या एका नियतकालिकाने संशोधकांसाठी स्पर्धा घेतली. वाण्याच्या दुकानातील पिठासारखा माल आपोआप तोलून देणारे यंत्र, हा भिसे यांचा आराखडा तिच्यात विजयी ठरला. काँग्रेसचे तत्कालीन चिटणीस दिनशा वाच्छा यांनी त्यांना परिचयपत्र दिले आणि ते घेऊन भिसे लंडनमध्ये दादाभाई नौरोजी यांना भेटले. दादाभाई तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. ब्रिटिश पार्लमेंटमधील त्यांची कारकीर्द १८९५ मध्येच संपली होती आणि भारतातून ब्रिटनकडे वाहणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडण्यात ते गढलेले होते. अशा अर्थशास्त्रज्ञाने एका तरुण यंत्रज्ञाच्या मागे पैसा उभा करावा, यात विसंगती काहीच नव्हती. भारतीय माणसाने शोध लावावा, त्याचे पेटंट घ्यावे आणि नफा स्वदेशात यावा, ही संपत्तीच्या उलट प्रवाहाची छोटीशी सुरुवातच ठरली असती.

लंडनमधील पहिल्या काही वर्षांत भिसे यांनी अनेक वस्तूंची पेटंटे घेतली. स्वयंपाकघरातील साधने, आपोआप पाणी सोडणारे शौचकूप, डोकेदुखीवरील उपकरण, विजेवर चालणारे जाहिरातफलक अशी ती यादी आहे. जाहिरातफलकाचे प्रदर्शन लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये झाले. यांपैकी कशानेही त्यांना स्थैर्य दिले नाही. मग त्यांनी आपले सारे लक्ष ‘भिसोटाइप’ या यंत्राकडे वळवले.

ओतकामात यंत्राच्या वेगाला खरी मर्यादा असते ती धातू थिजण्याच्या वेळेची. साचा एकच असेल, तर आतला खिळा घट्ट होईपर्यंत थांबावेच लागते. घाई केली तर खिळा पोकळ निघतो किंवा अक्षराची कड मोडते. साचा सारखा तापत राहिला तर थिजण्यास आणखी वेळ लागतो. त्या काळातील प्रचलित यंत्रे मिनिटाला साधारण दीडशे खिळे ओतीत. भिसे यांनी साच्यांची संख्या वाढवली. अनेक साचे एकाच यंत्रात काम करू लागले, की एकात धातू भरला जात असताना दुसऱ्यातला थिजतो आणि तिसऱ्यातला खिळा बाहेर पडतो. धातूला त्याचा वेळ मिळतो आणि यंत्राला थांबावे लागत नाही. भिसोटाइपची क्षमता मिनिटाला सुमारे १२०० खिळे इतकी सांगितली जाते. आजच्या औद्योगिक इंकजेट यंत्रात शेकडो सूक्ष्म छिद्रे शेजारीशेजारी बसवून वेग साधला जातो. तंत्र निराळे असले, तरी एकाच तोंडाला अधिक पळवण्याऐवजी तोंडे वाढवण्याचा विचार तोच आहे.

लंडनच्या ओतकाम व्यवसायातील जाणकारांनी या दाव्यावर प्रथम विश्वास ठेवला नाही. भिसे यांनी १९०८ पर्यंत प्रत्यक्ष यंत्र तयार करून दाखवले. यंत्र चालले, पण पैसा संपला. दादाभाई १९०७ मध्ये भारतात परतले होते. ब्रिटिश समाजवादी नेते हेन्री हाइंडमन हे दादाभाईंचे जुने स्नेही. त्यांनी भिसोटाइपसाठी भांडवलदार मिळवण्याची खटपट केली. भांडवलशाहीच्या अंताची भविष्ये करणारा हा गृहस्थ एका यंत्रासाठी भांडवलदारांच्या पायऱ्या झिजवत होता, हा त्या काळाचा एक गमतीदार विरोधाभास म्हणावा लागेल. खटपट निष्फळ ठरली आणि १९०८ च्या अखेरीस भिसे मुंबईला परतण्यासाठी बोटीवर चढले.

त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. दीर्घ सागरी प्रवासात दोघांचा परिचय झाला आणि गोखले यांनी पुढे भिसे यांची गाठ सर रतन टाटा यांच्याशी घालून दिली. जमशेटजी टाटा यांचे हे धाकटे पुत्र. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या लढ्यासाठी १९०९ साली पंचवीस हजार रुपयांची देणगी देणारे रतन टाटा ते हेच. १९१० च्या सुमारास ‘टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट’ अस्तित्वात आले आणि भिसे पुन्हा लंडनला गेले.

टाटा कुटुंबाच्या उद्योगाचा याच दशकातील दुसरा एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. रतन यांचे थोरले बंधू दोराबजी टाटा पोलाद कारखान्यासाठी लोहखनिजाच्या शोधात मध्य प्रांतात फिरत होते. नागपूरच्या संग्रहालयात त्यांनी भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या पाहणीवर आधारलेला नकाशा पाहिला आणि त्यावरून ते आजच्या छत्तीसगडमधील दल्ली-राजहराच्या डोंगरांपर्यंत पोहोचले. खनिज उत्तम होते. परंतु कोळसा आणि पाणी यांची सोय जुळेना, म्हणून टाटांनी मयूरभंजच्या खनिजाकडे मोर्चा वळवला आणि कारखाना साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला. दल्ली-राजहराचे डोंगर आणखी अर्धे शतक थांबले. सोव्हिएत संघाशी १९५५ साली करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, तेव्हा तिला खनिज मिळाले ते याच डोंगरांतून. खनिज पन्नास वर्षे जमिनीत पडून राहिले तरी त्याचे मोल घटत नाही. यंत्राच्या पेटंटाला मात्र मुदत असते, आणि बाजार त्याहून आधी पुढे निघून जातो.

भिसोटाइपच्या बाबतीत तेच घडले. ओटमार मर्गेंथालर यांचे लायनोटाइप यंत्र १८८६ सालीच न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात सुरू झाले होते. त्यावर बसणारा कामगार कळा दाबी आणि यंत्र आख्खी ओळच ओतून देई. मोनोटाइप यंत्रात अक्षरे सुटी ओतली जात, पण मजकुराच्या क्रमानेच. दोन्ही ठिकाणी अक्षर ओतणे आणि जुळवणे ही कामे एकत्र झाली होती. केवळ सुटे खिळे वेगाने ओतणारे यंत्र कितीही सरस असले, तरी इंग्रजी मुद्रणात त्याचे क्षेत्र आकसत होते. जेथे ते सर्वाधिक उपयोगी पडले असते, त्या भारतीय लिप्यांच्या छापखान्यांत हाताने जुळणी पुढे कित्येक दशके चालली. पण त्या छापखान्यांपाशी असे यंत्र घेण्याइतका पैसा नव्हता. भिसे यांच्या अपयशाचे कारण माझ्या मते येथे शोधावे लागते. त्यात संशोधनाचा दोष फारसा नव्हता.

रतन टाटा यांचा धीरही हळूहळू सुटला. महायुद्ध सुरू झाल्यावर अपेक्षित उत्पन्नाची आशा मावळली आणि १९१५ मध्ये सिंडिकेटचे काम थांबले. पुढच्या वर्षी भिसे न्यूयॉर्कला गेले. तेथे युनिव्हर्सल टाइप मशीन कंपनीसाठी त्यांनी अनेक साच्यांच्या यंत्राचे काम पुढे चालू ठेवले आणि नंतर ‘भिसे आयडियल टाइप कास्टर’ या नावाने स्वतःची कंपनीही काढली. ज्या यंत्राने त्यांची वीस वर्षे घेतली, त्याने त्यांना श्रीमंत केले नाही.

पैसा मिळाला तो रसायनातून. कपडे धुण्याच्या एका रसायनाचे सूत्र त्यांनी विकले. आयोडीनवर आधारलेले एक औषध त्यांनी तयार केले. ते पुढे ॲटोमिडीन या नावाने अमेरिकेच्या बाजारात आले. मुद्रकांना भिसोटाइपचा विसर पडल्यानंतरही हे नाव औषधांच्या दुकानात टिकून राहिले.

अमेरिकन वृत्तपत्रांनी भिसे यांना भारतीय एडिसन म्हटले आणि मराठीतही ते बिरुद रूढ झाले. पेटंटांच्या संख्येकडे पाहून ते दिले गेले असावे. दोघांच्या परिस्थितीतील अंतर मात्र त्यात झाकले जाते. एडिसन यांच्यापाशी मेन्लो पार्कची प्रयोगशाळा होती, पगारी सहायक होते आणि न्यूयॉर्कचे धनको होते. भिसे यांना प्रत्येक वेळी नवा आश्रयदाता शोधावा लागला आणि तोही बहुधा राजकारणातील ओळखीतून. या दोघांची भेट २३ डिसेंबर १९३० रोजी झाली. एडिसन तेव्हा ८३ वर्षांचे होते आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. किशोरवयात धावत्या आगगाडीच्या डब्यात स्वतः खिळे जुळवून साप्ताहिक छापणारे एडिसन आणि ‘विविध कला प्रकाश’चे संपादक भिसे, असे दोन जुने छापखानेवाले त्या दिवशी समोरासमोर आले होते.

डॉ. शंकर आबाजी भिसे यांचे ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे निधन झाले. त्यांच्या शोधांची संख्या सुमारे २०० असून त्यांपैकी सुमारे ४० शोधांची त्यांनी पेटंटे घेतली होती.